‘फूड, इंक.’: सारांश कशाचा करावा आणि प्रतिसाद कशाला द्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अन्नतंत्रज्ञानाच्या वर्गात अमेरिकेतील अन्नउद्योगावरचा ‘फूड, इंक.’ हा माहितीपट दाखवण्यात आला आणि त्यावर सारांश व प्रतिसाद अशा दोन भागांचा निबंध लिहायला सांगण्यात आले. प्रश्नकर्त्या विद्यार्थिनीचा पहिला मसुदा ‘सारांश म्हणजे दृश्यांची जंत्री झाली आहे आणि प्रतिसाद म्हणजे नुसती हळहळ’ असा शेरा मिळून परत आला. चित्रपट पाहून जे वाटले ते प्रामाणिकपणे लिहिले असताना बिघडले कुठे, असे तिने विचारले आहे.

अन्नप्रक्रिया कारखान्यांच्या सुरक्षा-तपासणीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि या विषयाच्या विद्यार्थ्यांचे निबंधही अधूनमधून तपासायला येतात. शेरा कठोर असला तरी रास्त आहे, आणि त्यातला दोष फक्त लेखनाचा नाही. हा चित्रपट प्रेक्षकाला हलवून सोडण्यासाठीच बांधलेला आहे. तो पाहिल्यावर मनात जे उरते ते म्हणजे कोंबड्यांनी खच्चून भरलेले शेड, यंत्राच्या पट्ट्यावरून जाणारे मांस आणि आपल्या मुलाबद्दल बोलणारी एक आई. ही दृश्ये उतरवून काढली की सारांश झाला असे वाटते आणि त्यांनी मन कसे विषण्ण झाले ते लिहिले की प्रतिसाद झाला असे वाटते. प्रत्यक्षात सारांश चित्रपटाच्या युक्तिवादाचा करायचा असतो, आणि प्रतिसादही त्या युक्तिवादालाच द्यायचा असतो. म्हणून आधी तो युक्तिवाद नेमका काय आहे ते पाहू.

रॉबर्ट केनर यांनी दिग्दर्शित केलेला हा सुमारे दीड तासाचा माहितीपट २००८ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला, २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत आला आणि पुढे त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. एरिक श्लोसर आणि मायकल पोलन हे दोन पत्रकार प्रेक्षकाला वाट दाखवत राहतात. चित्रपट छोट्या छोट्या प्रकरणांत विभागलेला आहे आणि जंत्रीचा मोह इथूनच सुरू होतो. मका, कोंबडी, गोमांस, बियाणे, कामगार, सेंद्रिय दही अशी प्रकरणे एकामागून एक येतात आणि विद्यार्थी त्याच क्रमाने ‘त्यानंतर दिग्दर्शक दाखवतो की’ असे लिहीत जातो. प्रकरणांचा क्रम दिग्दर्शकाने प्रेक्षकाचे लक्ष टिकावे म्हणून ठरवलेला आहे. सारांशाने तो पाळलाच पाहिजे असा काही नियम नाही. प्रत्येक प्रकरण कोणत्या दाव्याच्या पुष्टीसाठी आले आहे ते ओळखावे आणि एका दाव्याची प्रकरणे एकत्र आणावीत, मग ती चित्रपटात तासाभराच्या अंतरावर का असेनात.

माझ्या वाचनाप्रमाणे चित्रपटाचे मूळ प्रतिपादन एका वाक्यात असे मांडता येईल: अमेरिकेतील अन्ननिर्मिती मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटली आहे, स्वस्त आणि एकसारख्या अन्नासाठी त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेची खरी किंमत शेतकरी, कामगार, जनावरे आणि ग्राहक यांना मोजावी लागते, आणि ही किंमत लोकांच्या नजरेआड राहावी यासाठी उद्योग कायद्याचा व गुप्ततेचा आधार घेतो. सारांशाचे पहिले वाक्य हेच असावे. त्यातील ‘एकवटणे’, ‘किंमत’ आणि ‘नजरेआड ठेवणे’ हे तीन धागे पुढच्या तीन परिच्छेदांना पुरतात.

पहिल्या धाग्यात १९४८ मध्ये मॅकडोनाल्ड बंधूंनी स्वयंपाकघराचा कारखाना कसा केला इथून सुरुवात होते. एकाच चवीचे मांस देशभर लागू लागल्यावर ते पुरवणाऱ्या कंपन्याही मोठ्या होत गेल्या आणि गोमांसाच्या बाजारातील चार कंपन्यांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला, असे चित्रपट सांगतो. बियाण्यांचे प्रकरणही याच धाग्यात बसते. तणनाशक सहन करणाऱ्या, पेटंट घेतलेल्या सोयाबीनने २००८ पर्यंत अमेरिकेतील ९० टक्क्यांहून अधिक सोयाबीनक्षेत्र व्यापले होते, आणि शेतकऱ्यांना बियाणे साफ करून देणारा इंडियानातील एक साधा व्यावसायिक कंपनीच्या दाव्यापुढे टिकू शकत नाही, हे चित्रपट दाखवतो.

दुसऱ्या धाग्यात करारावर कोंबड्या वाढवणारे शेतकरी येतात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, पक्षीही कंपनीचेच. शेड बांधण्याचे कर्ज मात्र शेतकऱ्याचे, आणि कंपनीने सुधारणा सुचवली की नवे कर्ज. मेरीलँडमधील कॅरोल मॉरिसन यांनी कॅमेरा आत घेतला, आणि त्यांचा करार संपुष्टात आल्याचे चित्रपट सांगतो. नॉर्थ कॅरोलिनातील टार हील येथील कत्तलखान्यात दिवसाला ३२,००० डुकरे कापली जातात. तिथले कामगार, त्यांच्यातील बिगरकागदपत्रांचे स्थलांतरित आणि त्यांच्या वस्तीवर पहाटे पडणाऱ्या धाडी याही इथेच घ्याव्यात. बार्बरा कोवॅल्चिक यांच्या अडीच वर्षांच्या मुलाचा २००१ मध्ये ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूच्या संसर्गाने झालेला मृत्यू आणि त्यानंतर त्यांनी कायद्यासाठी अमेरिकी संसदेत घातलेले खेटे हा चित्रपटाचा भावनिक मध्यबिंदू आहे. भाजीपेक्षा बर्गर स्वस्त पडतो म्हणून बर्गर घेणारे, आणि वडिलांच्या मधुमेहाच्या औषधांवर खर्च करणारे एक कष्टकरी कुटुंबही याच धाग्यात येते.

तिसरा धागा पडद्याआडच्या व्यवहाराचा. टायसन, पर्ड्यू, स्मिथफील्ड या मांसकंपन्या आणि बियाण्यांची कंपनी मोन्सँटो यांनी मुलाखत नाकारल्याच्या पाट्या, छुप्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्रण, आणि अन्नपदार्थांची बदनामी केल्याबद्दल दावा ठोकण्याची मुभा देणारे काही राज्यांतील कायदे. टेक्सासमधील गुरेपालकांनी दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालक ओप्रा विन्फ्रे यांच्यावर गोमांसाविषयीच्या १९९६ च्या एका कार्यक्रमाबद्दल दावा लावला होता आणि १९९८ मध्ये त्या जिंकल्या, पण त्यासाठी लागणारे पैसे आणि वकील प्रत्येकाकडे नसतात, हे चित्रपटाचे म्हणणे सारांशात आले पाहिजे. व्हर्जिनियातील शेतकरी जोएल सॅलटिन यांचे गवताळ कुरण आणि वॉलमार्टला सेंद्रिय दही विकणारी कंपनी ही दोन्ही पर्यायांची उदाहरणे शेवटी ठेवावीत, कारण चित्रपट त्यांच्या आधारानेच आपला निष्कर्ष काढतो: दिवसातून तीन वेळा जेवताना आपण या व्यवस्थेवर मतदान करत असतो.

हा झाला सारांश. त्यात स्वतःचे मत एका विशेषणातूनही डोकावू नये. ‘भयंकर शेड’ असे लिहू नये. ‘चित्रपट अंधाऱ्या, गर्दीच्या शेडचे चित्रण दाखवतो’ असे लिहावे. दावा कोणाचा हे दर वेळी स्पष्ट असावे, कारण पोलन यांचे विधान, पडद्यावरची पाटी आणि एखाद्या शेतकऱ्याचा अनुभव यांचे पुराव्याच्या दृष्टीने वजन सारखे नाही. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना प्रत्येक आकडा कोणत्या मिनिटाला आणि कोणाच्या तोंडून आला हे टिपून ठेवले की प्रतिसादाचे निम्मे काम तिथेच होते.

प्रतिसादाकडे वळण्यापूर्वी काही आकडे तपासून घेणे भाग आहे. चित्रपट खोटा आहे असे सिद्ध करण्यासाठी हे करायचे नाही. कोणत्या दाव्यावर आपण स्वतः भार टाकू शकतो हे कळण्यासाठी करायचे आहे.

पन्नास वर्षांपूर्वीच्या तुलनेत कोंबडी आज निम्म्या काळात वाढते आणि दुप्पट मोठी होते, असे चित्रपट म्हणतो. अमेरिकी कुक्कुट उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे १९५० मध्ये पक्षी साधारण ७० दिवसांत तीन पौंडांचा होई आणि २००० मध्ये ४७ दिवसांत पाच पौंडांचा. म्हणजे दिशा बरोबर, प्रमाण थोडे फुगवलेले. १९२५ चे ११२ दिवस आणि अडीच पौंड घेतले तर मात्र विधान जवळजवळ तंतोतंत बसते. अनेक निबंधांत या वाढीचे कारण म्हणून बिनदिक्कत ‘हार्मोनची इंजेक्शने’ लिहिलेले असते. अमेरिकेत कोंबड्यांसाठी हार्मोन वापरायला परवानगीच नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतील जाती एकाच खाद्यावर वाढवून पाहिल्या. ५६ दिवसांत त्यांची वजने अनुक्रमे सुमारे ९०० ग्रॅम, १,८०० ग्रॅम आणि ४,२०० ग्रॅम भरली. खाद्य तेच, दिवस तेवढेच. फरक होता तो पैदाशीतील निवडीचा. पाय न झेपणाऱ्या पक्ष्याचे चित्रपटातले दृश्य त्यामुळे खोटे ठरत नाही, पण त्याचा दोष कशावर ठेवायचा ते बदलते.

गोमांसाचा आकडा बरोबर आहे, फक्त तो कशाचा हे सांगायला हवे. कृषी खात्याच्या नोंदींत सर्वांत मोठ्या चार कंपन्यांचा कोवळे बैल आणि कालवडी यांच्या कत्तलीतील वाटा १९८० मध्ये सुमारे ३६ टक्के होता आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तो ८० टक्क्यांच्या आसपास आहे. दुभत्या कळपांतून काढलेल्या म्हाताऱ्या गाई आणि वळू यांचा हिशेब निराळा, आणि खिम्यात त्यांचे मांस बरेच जाते.

मधुमेहाची पाटी मात्र सरळ चुकीची आहे. २००० नंतर जन्मलेल्या दर तीन अमेरिकनांपैकी एकाला लहान वयात जडणारा मधुमेह होईल असे ती सांगते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात २००० साली जन्मलेल्यांना संपूर्ण आयुष्यात केव्हातरी मधुमेह होण्याची शक्यता पुरुषांत ३२.८ टक्के आणि स्त्रियांत ३८.५ टक्के वर्तवली होती. ‘आयुष्यात केव्हातरी’ आणि ‘लहान वयात’ यांत फार अंतर आहे, आणि हे वाक्य निबंधात जसेच्या तसे उतरवले तर जाणकार परीक्षक तिथेच थांबतो.

सर्वांत नाजूक दावा मक्याचा आहे. गुरांना मका चारल्याने त्यांच्या पोटात आम्लाला दाद न देणारे ई. कोलाय वाढतात आणि पाच दिवस गवतावर ठेवले तर त्यातले ८० टक्के निघून जातात, असे पोलन सांगतात. याचे मूळ १९९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी मोजक्या गाईंवर केलेल्या प्रयोगात आहे, आणि तो सर्वसाधारण ई. कोलायवर होता; ओ१५७ या घातक प्रकारावर नंतर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील पालकामुळे या जिवाणूची मोठी साथ आली. कारखानी गोठ्यांतून वाहून येणाऱ्या घाणीशी अशा घटनांचा संबंध चित्रपट जोडतो. तपास पथकाला साथीतल्या जिवाणूशी जुळणारा प्रकार सापडला तो शेताजवळच्या कुरणावर चरणाऱ्या गुरांच्या शेणात आणि तिथल्या रानडुकरांत. गवत हे कुरणाच्या, जनावराच्या आणि जमिनीच्या दृष्टीने चांगले असेलही; ते या जिवाणूवरचा उतारा आहे असे म्हणता येत नाही.

आता प्रतिसाद. विद्यार्थी बहुतेक वेळा इथे दोन-तीन मुद्दे थोडे पटले, दोन-तीन पटले नाहीत असा ताळेबंद मांडतात आणि निबंध कुठेच पोहोचत नाही. त्यापेक्षा चित्रपटाचा एकच दावा निवडावा आणि चित्रपटानेच दिलेल्या पुराव्यावर तो घासून पाहावा. माझी निवड शेवटच्या वाक्याची असेल. दिवसातून तीन वेळा मतदान करण्याची कल्पना आकर्षक आहे, पण चित्रपटातल्या सर्वांत गंभीर घटनेला ती लागू पडत नाही, असे माझे मत आहे, आणि ते ज्या कारणाने बनले ते कारखान्याच्या आत दिसते.

अमेरिकेत खिमा बनवणाऱ्या कारखान्यात मांसाचे कातरकाम, म्हणजे मोठे तुकडे कापताना निघालेली छाटण, प्रत्येकी सुमारे २,००० पौंडांच्या मोठ्या पेट्यांतून येते. ‘एन-साठ’ नावाच्या रूढ पद्धतीत अशा पाच पेट्यांचा एक लॉट धरतात आणि प्रत्येक पेटीतून बारा याप्रमाणे साठ पातळ तुकडे मांसाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून कापून घेतात. जिवाणू स्नायूच्या आत नसतो. कातडे सोलताना शेणाचा अंश पृष्ठभागावर लागतो, म्हणून पृष्ठभागच तपासायचा. सगळे साठ तुकडे मिळून नमुना भरतो पावणेचारशे ग्रॅमच्या आत, आणि त्यावरून दहा हजार पौंड मांसाचा निकाल लागतो. दर शंभर तुकड्यांत पाच दूषित असतील तर अशा नमुन्यात निदान एक सापडण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. पण शंभरात एकच दूषित असेल तर ती ४५ टक्क्यांवर येते, म्हणजे नाणेफेकीहूनही कमी. पुढे तेच कातरकाम यंत्रात दळले गेले की पृष्ठभाग असे काही उरत नाही. अखंड तुकडा बाहेरून भाजला तरी बहुतांशी चालते. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला पोहोचलाच पाहिजे, ही सूचना या एका कारणामुळे आहे.

हा तपशील निबंधात घालण्याचे कारण असे, की दुकानात उभ्या असलेल्या आईला यातले काहीही दिसत नाही. दोन डब्यांतला खिमा सारखाच लाल, सारखाच ताजा आणि लेबलावर सारख्याच खात्याचा शिक्का असलेला. तिने मत द्यायचे कशावर? तपासणीत नकारात्मक निघालेला लॉट आणि तपासलाच न गेलेला लॉट यांत फरक करण्याचे कोणतेही साधन ग्राहकाच्या हाती नाही.

आणि या जिवाणूच्या बाबतीत अमेरिकेत जी सुधारणा झाली ती कोणत्या वाटेने झाली, ते पाहण्यासारखे आहे. १९९३ मध्ये जॅक इन द बॉक्स या साखळीतील कच्च्या राहिलेल्या बर्गरमुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. १९९४ मध्ये कृषी खात्याच्या अन्नसुरक्षा विभागाने खिम्यात ओ१५७ आढळणे म्हणजे भेसळ, असे जाहीर केले. तोपर्यंत हा जिवाणू कच्च्या मांसात असणारच आणि नीट शिजवणे ही गृहिणीची जबाबदारी, अशी भूमिका होती. उद्योगाच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि हरल्या. १९९६ च्या नियमाने प्रत्येक कत्तलखान्याला हॅसॅप पद्धतीची योजना टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली, म्हणजे धोका कुठे शिरू शकतो ते आधी ठरवून त्या जागेवर मोजमाप आणि नोंद ठेवणे. वाफेची आणि आम्लाची फवारणी, लॉट रोखून धरून निकालानंतरच माल सोडणे हे सगळे त्यानंतर रुळले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत २०१० पर्यंत या संसर्गाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. बाजारातल्या कोणत्याही निवडीने हे झाले नसते, कारण निवडण्यासारखे काही समोरच नव्हते.

चित्रपटातल्या आईलाही हे पूर्ण माहीत आहे. ती इतर मातांना वेगळे मांस घ्या असे सांगत फिरत नाही. ती कायदा मागते. वारंवार दूषित माल काढणारा कारखाना बंद करण्याचा अधिकार कृषी खात्याला मिळावा, हे तिचे मागणे आहे. २००१ मध्ये टेक्सासमधील एका कंपनीच्या खटल्यात अपील न्यायालयाने साल्मोनेलाच्या मानकावरून कारखाना बंद पाडता येत नाही असा निकाल दिला होता, म्हणून ही मागणी होती. तिच्या मुलाच्या नावाने ओळखला गेलेला तो कायदा कधीच मंजूर झाला नाही. म्हणजे चित्रपटाची सर्वांत प्रभावी साक्ष त्याच्या शेवटच्या घोषणेच्या विरोधात जाते. शेवटाकडे तंबाखूविरुद्धच्या लढ्याचे उदाहरण अन्नासाठी नमुना म्हणून येते, तेही याच दिशेचे आहे. सिगारेटचा खप कर, जाहिरातबंदी, धूम्रपानबंदी आणि १९९८ मध्ये ४६ राज्यांनी कंपन्यांशी केलेला समझोता यांनी घटवला. ओढणाऱ्याच्या विवेकावर कोणी सोडून दिले नव्हते.

इथे प्रामाणिकपणे विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर प्रतिसाद वकिली होतो. ग्राहकाची निवड काही ठिकाणी खरोखर काम करते, आणि त्याचे उदाहरण चित्रपटातच आहे. दुधाचे उत्पादन वाढवण्यासाठी गाईंना दिल्या जाणाऱ्या कृत्रिम वाढ-हार्मोनविरुद्ध ग्राहकांची नाराजी वाढली आणि २००८ मध्ये वॉलमार्टने स्वतःच्या नावाने विकले जाणारे दूध त्या हार्मोनशिवायच्या गाईंचे असेल असे जाहीर केले. एका खरेदीदाराच्या निर्णयाने हजारो गोठ्यांतली पद्धत बदलते, हे नाकारता येत नाही. पण फरक बघा: ‘या हार्मोनशिवाय’ असे दुधाच्या डब्यावर छापता येते. सेंद्रिय, पिंजऱ्याशिवायची अंडी, कुरणावरचे मांस, हेही छापता येते. लॉटमधला जिवाणू छापता येत नाही, कामगाराचा कापलेला हात आणि शेडचे कर्जही छापले जात नाही. तेव्हा माझ्या प्रतिसादाचे मुख्य विधान असे होईल: ज्या गुणाचे लेबल होऊ शकते त्यावर ग्राहकाचे मत चालते, ज्याचे होऊ शकत नाही तिथे निरीक्षक, न्यायालय आणि संघटना लागतात, आणि चित्रपट या दोन प्रकारांची सरमिसळ करतो.

याच कसोटीवर बाकीची प्रकरणे भराभर लावून पाहता येतात. टार हीलच्या कामगारांनी अनेक वर्षांच्या झगड्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये युनियनच्या बाजूने मतदान केले. परिस्थिती बदलायला हे मतदान कारणीभूत झाले आणि ते मतपेटीतच झाले. कोंबडीपालकांच्या कराराबाबत मांस-उद्योगावरच्या १९२१ च्या कायद्याखाली नियम करण्याचे प्रयत्न २०१० पासून अडखळत चालले आणि करारात कोणती माहिती उघड करायची याचा एक नियम २०२३ च्या अखेरीस पक्का झाला. पेटंटच्या बियाण्यांवर २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मोन्सँटोच्या बाजूने निकाल दिला.

स्वस्त बर्गर आणि महाग भाजी या प्रकरणावर थोडे अधिक लिहावे, कारण तिथे चित्रपटाचे कारणमीमांसेचे पाऊल घसरते. मक्याला सरकारी अनुदान, म्हणून मका स्वस्त, म्हणून बर्गर आणि गोड पेये स्वस्त, म्हणून स्थूलता, अशी ती साखळी आहे. अमेरिकेत अन्नावर खर्च होणाऱ्या एका डॉलरपैकी शेतकऱ्यापर्यंत साधारण १५ सेंट पोहोचतात; उरलेले प्रक्रिया, वाहतूक, दुकान आणि हॉटेलातील मजुरी यांत जातात. कच्च्या मालाची किंमत काही टक्क्यांनी हलली तरी बर्गरची किंमत फारशी हलत नाही, आणि कृषी-अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासांतही अनुदानाचा स्थूलतेवरील परिणाम अगदी थोडा निघाला आहे. मक्यापासूनच्या पाकाला साखरेपेक्षा स्वस्त करण्यात तर साखरेवरच्या आयात-निर्बंधांचा मोठा हात आहे, ज्याचा चित्रपटात फारसा विचार नाही. त्या कुटुंबाची अडचण मात्र शंभर टक्के खरी आहे: कामाच्या पाळ्या लांब, स्वयंपाकाला वेळ नाही, औषधांचा खर्च ठरलेला. कारण चुकले म्हणून त्यांची व्यथा खोटी ठरत नाही, हे वेगळे लिहून दाखवले पाहिजे.

गुप्ततेच्या धाग्याबद्दल मला चित्रपटापेक्षा थोडे वेगळे वाटते, आणि ही माझ्या धंद्यातून आलेली टिप्पणी समजावी. मोठ्या कंपन्यांनी दार लावून घेतले, पण दक्षिण डकोटातील बीफ प्रॉडक्ट्स या कंपनीने केनर यांचा कॅमेरा आत घेतला. कातरकामातून वेगळ्या काढलेल्या मांसावर अमोनियाची प्रक्रिया करून जिवाणू मारण्याची त्यांची पद्धत पडद्यावर दिसते आणि पार्श्वसंगीतासह ती किळसवाणी वाटते. २०१२ मध्ये याच उत्पादनाविरुद्ध अमेरिकी वाहिन्यांवर आणि समाजमाध्यमांवर गदारोळ उठला, मागणी कोसळली आणि कंपनीने चारपैकी तीन कारखाने बंद केले. कंपनीने एबीसी वाहिनीवर त्या राज्यातील अन्नबदनामीच्या कायद्याखालीही दावा लावला आणि २०१७ मध्ये तो मोठ्या रकमेवर मिटला. ती प्रक्रिया मुळात ओ१५७ रोखण्यासाठी होती; खिम्यात हे मांस मिसळल्याचे लेबलावर असावे की नाही हा खरा वादाचा मुद्दा होता, आणि तो किळसेखाली झाकला गेला. ज्याने दार उघडले त्यालाच फटका बसला, हे पाहिलेल्या कारखानदाराला पुढच्या वेळी तपासनीसासमोर मोकळेपणाने बोलायला लावणे किती जड जाते, ते मी रोज अनुभवतो. म्हणून चित्रपटाच्या तंत्रावर एक परिच्छेद जरूर लिहावा: संगीत कुठे बदलते, कोणाचे कुरण उन्हात दिसते आणि कोणाचा कारखाना निळसर प्रकाशात, आणि एखाद्या दाव्याच्या पाठीशी आकडा आहे की फक्त प्रकाशयोजना.

मांडणीच्या किरकोळ गोष्टी. सारांश एकूण लेखनाच्या एक-तृतीयांशाच्या पुढे जाऊ देऊ नये. चित्रपट काय म्हणतो ते वर्तमानकाळात आणि प्रत्यक्ष घटना भूतकाळात लिहिल्या की वाचकाला दोन्ही आपोआप वेगळ्या दिसतात. चित्रपट २००८ चा आहे, तेव्हा ‘आज’ असे लिहिताना जपावे: मोन्सँटो २०१८ मध्ये बायरने घेतली, स्मिथफील्ड २०१३ मध्ये चिनी कंपनीकडे गेली, आणि २०११ च्या कायद्याने अन्न व औषध प्रशासनाला माल सक्तीने परत मागवण्याचा अधिकार मिळाला. मांस आणि कोंबडी त्या प्रशासनाच्या कक्षेत येत नसल्याने कृषी खात्याला तो अधिकार त्यानंतरही मिळालेला नाही. पुष्कळ निबंधांत हे दोन विभाग एकच समजले जातात. ‘मी आता फास्टफूड सोडले’ हे वाक्य काढून टाकावे. तो लेखकाचा निर्णय आहे, चित्रपटाच्या दाव्याचे परीक्षण नाही.

मुख्य विधानाला ताजा आधार हवा असेल तर साल्मोनेलाचे उदाहरण घ्यावे. ओ१५७ ला खिम्यात भेसळ ठरवले गेले, पण सर्वसाधारण कच्च्या कोंबडीतील साल्मोनेलाला ती वागणूक मिळालेली नाही. कृषी खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये कच्च्या कोंबडीतील साल्मोनेलाच्या ठरावीक प्रमाणापलीकडे माल विकता येणार नाही अशी चौकट प्रस्तावित केली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती मागे घेतली. या एका घटनेवर सविस्तर परिच्छेद लिहावा: उद्योगाने खर्चाचा कोणता आक्षेप घेतला, ग्राहक संघटनांनी काय उत्तर दिले, आणि दरम्यानच्या काळात दुकानातल्या दोन पाकिटांपैकी कमी दूषित पाकीट ओळखण्याचा मार्ग ग्राहकाला कोणी दाखवला का.